बाळाला दूध बाधतं, हे ठरवायचं कसं?

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोला-पूर्णा लोहमार्गावर जऊळका हे गाव आहे. अशा गावातल्या घरात दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या शीत रक्ताची तार दिसली, की मतं निघायला वेळ लागत नाही. आजी म्हणते, "दुधानं कधी कोणाचं वाईट झालं का? आव पडली असंल, गुटी उगाळ." शेजारीण म्हणते, "मायचंच दूध बाधून राह्यलं, बकरीचं लाव." शहरात राहणारा एखादा काका मोबाइलवर लक्षणांची यादी काढतो. रडणं, ओकणं, पुरळ, पातळ शी यांतली तीन जुळली की त्याच्या लेखी ॲलर्जी पक्की होते आणि संध्याकाळपर्यंत घरात बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा येतो.

ही तिन्ही मतं वरवर एकमेकांच्या विरोधातली दिसतात. त्यांच्या मुळाशी समज मात्र एकच आहे: लक्षण पाहिलं की कारण कळतं. दुधाच्या प्रथिनांच्या ॲलर्जीबाबत हा समज फार उथळ आहे आणि बाळाला तो दोन्ही बाजूंनी महागात पडतो. लक्षणांवरून ॲलर्जीचा केवळ संशय येतो. ओळख पटते ती दूध ठरावीक दिवस पूर्ण बंद ठेवून, बाळ सुधारतं का ते पाहून आणि मग तेच दूध पुन्हा देऊन. तिसरी पायरी गाळली, तर पहिल्या दोन पायऱ्यांवरून काहीच ठामपणे म्हणता येत नाही. बहुतेक बाळांच्या बाबतीत हे काम मोठ्या शहरातल्या यंत्रांवाचून, तालुक्याच्या दवाखान्याच्या देखरेखीत होऊ शकतं.

१. दुधातलं नेमकं काय बाधतं

गाईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे सुमारे सव्वातीन ग्रॅम प्रथिनं असतात, आईच्या दुधात जेमतेम एक ग्रॅम. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी ८० टक्के केसीन असतं. दूध नासल्यावर जो चोथा होतो, तो मुख्यतः याचाच. उरलेली २० टक्के प्रथिनं खालच्या निवळीत राहतात. निवळीतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन माणसाच्या दुधात तयारच होत नाही. बाळाच्या शरीराला ते पूर्णपणे परकं असतं. काही बाळांची प्रतिकारयंत्रणा या प्रथिनांना शत्रू समजते, आणि मग आतडं, कातडी किंवा श्वासनलिका सुजते.

इथेच पहिली गल्लत होते. 'दूध पचत नाही' असं म्हणताना बहुतेकांच्या मनात लॅक्टोज असतं. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे, तिचा प्रतिकारयंत्रणेशी संबंध नाही. आईच्या दुधात ती सुमारे ७ टक्के असते, गाईच्या दुधात पावणेपाचच्या आसपास. म्हणजे बाळाला खरंच लॅक्टोज पचत नसेल, तर आधी आईचं दूध बाधायला हवं. जे बाळ अंगावरच्या दुधावर गुटगुटीत होतं आणि वरचं दूध सुरू होताच बिघडलं, त्याच्या बाबतीत लॅक्टोजकडे बोट दाखवता येत नाही. जन्मतःच लॅक्टोज न पचणं अतिशय दुर्मीळ आहे. मोठ्यांना दूध प्यायल्यावर गॅस होतो तो प्रकार काही वर्षांचं वय झाल्यावर सुरू होतो. जोराच्या जुलाबानंतर बाळाची आतडी काही दिवस-आठवडे ही साखर पचवू शकत नाहीत, पण ती तात्पुरती अडचण असते.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. लॅक्टोज समजून 'लॅक्टोज-फ्री' डबा आणला, तर त्यात बहुधा गाईच्या दुधाची प्रथिनं जशीच्या तशी असतात. ॲलर्जीच्या बाळाला त्या डब्याने काडीचाही फरक पडत नाही, आणि घरच्यांची मात्र खात्री होते की दूध तर बदललं, म्हणजे दोष दुधात नव्हता.

२. दोन रूपं, दोन वेगळ्या वेळा

ही ॲलर्जी दोन मुख्य रूपांत दिसते आणि त्यांना वेगळं करणारी गोष्ट म्हणजे वेळ. पहिलं रूप तात्काळ उठणारं. दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, ओकाऱ्या होतात, छातीत घरघर सुरू होते. यात 'आयजीई' नावाच्या प्रतिपिंडांचा हात असतो. श्वास अडखळला किंवा बाळ निळसर, निपचित पडलं तर तो ॲनाफिलॅक्सिस. तिथे चर्चेला जागा नाही, गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा.

दुसरं रूप उशिरा उठणारं. दोन तासांपासून तीन दिवसांपर्यंत, कधी आठवडाभरानंतरही त्याची लक्षणं दिसतात: शीत चिकट शेंब आणि रक्त, न हटणारे जुलाब, वजन न वाढणं, चिवट इसब. कालचं दूध आणि परवाची शी यांचा संबंध कुणाच्या लक्षात यावा? म्हणूनच हे रूप सहज सुटतं.

उशिराच्या गटात एक रूप मात्र फार भीतिदायक आहे. दूध दिल्यापासून एक ते चार तासांत बाळ पुन्हा पुन्हा जोराने ओकतं, पांढरं पडतं, मान टाकतं. अंगावर गांधी नसतात, ताप असेलच असं नाही. डॉक्टरही आधी रक्तात जंतू शिरल्याचा विचार करतात आणि तो करायलाच हवा. असं दुसऱ्यांदा झालं आणि दोन्ही वेळा आधी वरचं दूध दिलेलं होतं हे कुणी विचारलं, तरच खरं कारण पुढे येतं.

त्यामुळे आशाताईंनी विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न 'काय होतंय' एवढ्यावर थांबत नाही. "वरचं दूध कोणत्या दिवशी लावलं, ताई? पाजल्यावर किती वेळानं झालं? आधी दिलं होतं तवाही असंच झालं का?" ही तीन उत्तरं मिळाली, तर निम्मं काम झालं.

३. यादी का फसवते

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात १९८५ साली जन्मलेल्या १,७४९ बाळांचा डॉ. आर्ने होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात ११७ बाळांमध्ये दुधाच्या ॲलर्जीसारखी लक्षणं दिसली. दूध बंद करून आणि पुन्हा देऊन तपासलं, तेव्हा ३९ बाळांमध्ये दूध बाधत असल्याचं सिद्ध झालं, म्हणजे २.२ टक्के. संशयितांपैकी दोन तृतीयांश बाळं निर्दोष सुटली, आणि हा संशय अनुभवी डॉक्टरांचा होता.

पुढे युरोपातल्या नऊ देशांत १२,०४९ बाळांची नोंद करून जो मोठा अभ्यास झाला, त्यात पुन्हा दूध देऊन सिद्ध झालेलं प्रमाण आणखी खाली, ०.५४ टक्क्यांवर आलं. याच्या शेजारी इंग्लंडमधल्या १,३०३ बाळांची आकडेवारी ठेवून पाहावी. दुधाच्या ॲलर्जीच्या मार्गदर्शिकेत 'सौम्य ते मध्यम' म्हणून दिलेली लक्षणं घेऊन संशोधकांनी ती या बाळांच्या नोंदींना लावली. तीन महिन्यांच्या वयात ३८ टक्के बाळांमध्ये अशी दोन किंवा अधिक लक्षणं सापडली, आणि त्या वेळी ही बाळं फक्त आईच्या दुधावर होती.

हेच आकडे आपल्याकडे लावून एक ढोबळ हिशेब करता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ३०,००० लोकसंख्या हा सरकारी निकष. हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला ४५० बाळं. युरोपातलं प्रमाण लावलं, तर त्यांतली दोन ते दहा बाळं खरोखर ॲलर्जीची निघतील. यादी लावली, तर सुमारे १७० बाळांवर शिक्का बसेल. जी यादी दहांना शोधायला निघून १७० जणांना पकडते, तिच्या भरवशावर कुणाचं दूध तोडायचं नसतं.

याची किंमत इंग्लंडने मोजली आहे. २००६ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत विशेष डब्यांच्या १,०५,०२९ चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, २०१६ पर्यंत त्या सहा लाखांच्या वर गेल्या. खर्च ८१ लाख पौंडांवरून सहा कोटींपुढे गेला. दहा वर्षांत ॲलर्जी सहापट वाढल्याचा पुरावा कुणाकडे नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. क्रिस व्हॅन टुलकेन यांनी हे मांडलं आणि डबे बनवणाऱ्या कंपन्यांचे मार्गदर्शिका लिहिणाऱ्या तज्ज्ञांशी असलेले आर्थिक संबंध उघड्यावर आणले. भारतात दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंद आहे. पण आजाराचं नाव सांगत येणाऱ्या शिफारशीला तो कायदा कितपत अडवणार? घाबरलेल्या आईबापांना जाहिरात लागतच नाही.

४. लंगोटातलं रक्त

शीतलं रक्त पाहून कोणत्याही आईचा जीव उडतो, त्यामुळे यावर थोडं थांबायला हवं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी साधारण मोहरीच्या रंगाची, पातळ, दाणेदार असते. ॲलर्जीच्या सौम्य रूपात तिच्यावर चिकट शेंबाच्या लडी आणि त्यात लाल रेषा दिसतात. बाळ मात्र हसतं, पितं, वजनही वाढतं. घट्ट शीच्या बाहेरून लाल रेघ असेल आणि शी करताना बाळ किंचाळत असेल, तर गुदाशी चीर पडलेली असण्याची शक्यता जास्त. ताप, वारंवार थोडीथोडी शी आणि रक्त असेल तर जंतूंची आव. बाळ थांबून थांबून कळवळतं, पाय पोटाशी घेतं, मधल्या वेळात मलूल होतं आणि जेलीसारखी लाल शी होते, तेव्हा आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. यात तासांचा हिशेब असतो, अकोला किंवा वाशिम गाठायला सकाळची वाट पाहायची नाही. पहिल्या काही आठवड्यांतल्या बाळाच्या बेंबीतून, हिरड्यांतून किंवा इतर कुठूनही रक्त येत असेल, तर के जीवनसत्त्वाची कमतरता आठवावी आणि तेही लगेच.

ही सगळी कारणं बाजूला सारल्यावरच ॲलर्जीचं नाव घ्यायचं. तरीसुद्धा घाई नको. फिनलंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीतून रक्त जाणाऱ्या ४० बाळांची कसून तपासणी झाली. त्यांतल्या फक्त सात बाळांना दुधाची ॲलर्जी निघाली. बाकीच्यांचं रक्त बहुतांशी आपोआप थांबलं. सुदृढ, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत एक-दोनदा रेषा दिसल्या, तर डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे दिवस काहीही न करता वाट पाहणं हाही उपचारच आहे.

५. दूध परत देणं

आता मुख्य मुद्दा. बाळांच्या तक्रारींना स्वतःचं वेळापत्रक असतं. संध्याकाळचं न थांबणारं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. दूध वर येणं चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वाधिक असतं, वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. म्हणजे दोन-अडीच महिन्यांच्या बाळावर कोणताही उपाय केला, गुटी बदलली, दृष्ट काढली, डबा बदलला किंवा आईचं ताक बंद केलं, तरी महिन्याभरात बाळ सुधारलेलं दिसणारच. श्रेय त्या वेळी हाताशी जे होतं त्याला जातं. दूध बंद केलं आणि बाळ सुधारलं, एवढ्यावरून दूध दोषी ठरत नाही ते यामुळे. ते परत दिल्यावर त्रास परत आला तरच ठरतं.

पद्धत साधी आहे, शिस्त मात्र कडक लागते. बाळ फक्त अंगावर असेल, तर अंगावर पाजणं अजिबात थांबवायचं नाही, आईने स्वतःच्या जेवणातून दूध काढायचं. दोन ते चार आठवडे चहात दूध नाही, दही-ताक-कढी नाही, पनीर-खवा-पेढा नाही, बाळंतिणीसाठी दुधात शिजवलेली अळिवाची खीरही नाही. किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचायची. 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे पावडर', 'केसिनेट' ही दुधाचीच नावं आहेत. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पुड्यावर दूध असल्याची वेगळी सूचना छापणं बंधनकारक आहे, सहसा घटकांच्या यादीखालीच ती सापडते. थोडं चाललं तर काय बिघडतं, असं म्हणून दिवसातून दोन कप चहा सुरू ठेवला तर चार आठवडे वाया जातात, कारण मग न सुधारलेल्या बाळावरून काहीच कळत नाही.

बाळ सुधारलं नाही, तर दूध निर्दोष. आईने त्याच दिवसापासून पुन्हा दही-ताक घ्यावं, दुसरं कारण शोधावं. सुधारलं, तर ठरलेल्या दिवशी आईने दूध परत सुरू करायचं, रोज नेहमीइतकं, आठवडाभर. वरच्या दुधावरच्या बाळाच्या बाबतीत डॉक्टर सांगतील तसं थोड्यापासून वाढवत न्यायचं. रोजची नोंद ठेवायची: काय दिलं, शी कशी, ओकारी किती. लक्षणं परतली तर ओळख पटली. मग बाळ नऊ ते बारा महिन्यांचं होईपर्यंत, किंवा किमान सहा महिने, दूध बंद ठेवून पुन्हा चाचपणी करायची. आठवडा कोरा गेला, तर घरावरचं मोठं ओझं उतरलं.

एक अट मात्र काटेकोर. ज्या बाळाला आधी गांधी, सूज, घरघर असं तात्काळ काही झालं आहे, किंवा ओकून ओकून जे पांढरं पडलं होतं, त्याला घरी दूध परत द्यायचं नाही. ते काम रुग्णालयात, सलाइन आणि ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवून, बालरोगतज्ज्ञांच्या समोर. वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं, अकोल्यात असं महाविद्यालय आधीपासून आहे. जऊळक्याच्या बाळाला यासाठी नागपूर-मुंबई गाठायची गरज पडू नये.

६. बकरी, सोयाबीन आणि डबा

बकरीचं दूध हलकं, हा समज वऱ्हाडात घट्ट आहे. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिनं मात्र इतकी सारखी असतात, की बाळाची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यात फरक करत नाही. गाईच्या दुधाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २६ मुलांना इटलीतल्या एका अभ्यासात शेळीचं दूध दिलं, तेव्हा २४ जणांना त्रास झाला. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट फार कमी असतं, केवळ त्यावर वाढवलेल्या बाळाला रक्तक्षय होतो. उकळण्यानेही प्रश्न सुटत नाही. केसीन उकळत्या दुधात तग धरून राहतं.

वाशिमच्या शिवारात खरिपाला जिकडेतिकडे सोयाबीन असतं, त्यामुळे सोया दुधाचा सल्ला इथे सहज तोंडात येतो. घरी काढलेलं सोया दूध बाळाचं अन्न होऊच शकत नाही, त्यात कॅल्शियम आणि स्निग्धांश पुरेसे नसतात. बाळांसाठी तयार केलेला सोयाचा डबासुद्धा सहा महिन्यांआधी देऊ नये असा तज्ज्ञांचा सल्ला आहे, आणि दूध बाधणाऱ्या बाळांपैकी काहींना सोयाही बाधतं. अंगावरचं दूध नसेल, तर खरा पर्याय म्हणजे ज्यात प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात तो डबा, फारच गंभीर बाळाला अमिनो आम्लांचा. चार-पाच दिवसांत संपणाऱ्या एका डब्याला हजाराहून जास्त रुपये पडतात. मजुरीवर जगणाऱ्या घराला ते महिनोन्‌महिने परवडणार नाहीत, आणि म्हणूनच अशा घरात खात्री न करता डबा लिहून देणं हा अन्याय आहे.

सहा महिन्यांनंतर वाट सोपी होते. तूरडाळीचं घट्ट वरण, मुगाची खिचडी, ज्वारीची पेज, अंडं, दाण्याचं कूट, तिळाचं कूट. आईचं दूध सुरू असेल तर या ताटात फारसं काही कमी पडत नाही.

७. जी मुलं नजरेतून सुटतात

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग ही ॲलर्जी म्हणजे श्रीमंतांच्या घरचं खूळ आहे. तसं समजणं दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१० साली अशा ४० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲलर्जी ओळखली गेली तेव्हा त्यांचं सरासरी वय दीड वर्षाच्या आसपास होतं आणि कितीतरी महिने ती रक्ताच्या किंवा पातळ जुलाबांनी झिजत होती. विकसनशील देशांत या आजाराकडे पाहायलाच हवं, हेच त्या लेखाचं म्हणणं होतं.

अशी मुलं सुटतात याला कारण यंत्रणेच्या ठरलेल्या वाटा. प्राथमिक स्तरावर शीत रक्त दिसलं की नोंद आवेची होते आणि प्रतिजैविक सुरू होतं. ते योग्यच आहे, आवेने बाळं दगावतात. पण औषधाचे दोन कोर्स होऊनही रक्त थांबलं नाही, तर तिसरा देण्याआधी कुणी दुधाबद्दल विचारायला हवं. चौदा दिवसांहून लांबलेल्या जुलाबांसाठी आधी दूध कमी, मग दूध पूर्ण बंद, असा आहारक्रम आपल्याकडच्या उपचारपद्धतीत आहेच. तिथे तो लॅक्टोजच्या नावाने दिला जातो. दूध थांबल्यावर मूल उभं राहतं, घरी गेल्यावर दूध सुरू होतं आणि मूल पुन्हा खंगतं. ही तर आपोआप घडलेली चाचणी झाली, तिचा निकाल वाचायला मात्र कुणी नसतं.

याहून अवघड प्रसंग पोषण पुनर्वसन केंद्रातला. अतिकुपोषित मुलाला सुरुवातीला जो आहार दिला जातो, त्याचा पाया दूध हाच असतो. बहुसंख्य मुलांचे प्राण त्याने वाचतात. ज्या मुलाचं कुपोषणच दुधाच्या ॲलर्जीतून आलं असेल, त्याला मात्र तिथेही दुखण्याचंच कारण चमच्याने भरवलं जातं. केंद्रात नीट खाऊनही ज्याचे जुलाब वाढतात आणि वजन चढत नाही, त्या एखाद्या मुलासाठी हा विचार डोक्यात असायला हवा.

८. काही आक्षेप

'एवढी दगदग कशाला, रक्त तपासा ना,' असं हमखास म्हटलं जातं. रक्तातलं आयजीई तात्काळ उठणाऱ्या रूपात उपयोगी पडतं, तेही लक्षणांच्या जोडीने. उशिरा उठणाऱ्या रूपात ते बहुधा निगेटिव्ह येतं. उलट पॉझिटिव्ह आलेली कितीतरी मुलं दूध खुशाल पचवतात. शहरांतल्या काही प्रयोगशाळा आयजीजीच्या नावाने पन्नास-शंभर पदार्थांचे तक्ते विकतात. अन्नाच्या ॲलर्जीचं निदान त्यांवरून होत नाही, हे जगभरच्या ॲलर्जी संघटनांनी स्पष्ट सांगितलं आहे.

दुसरा आक्षेप मायेपोटी येतो: आईने चार महिने दूध सोडलं तर काय बिघडलं, बाळासाठी ती सोडेलच. बिघडतं ते तिच्या अंगात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. अशा बाईच्या ताटातून दूध, दही, ताक एका झटक्यात काढायचं आणि बदल्यात काही द्यायचं नाही, हा बाळाच्या नावाखाली तिच्यावर केलेला अत्याचार होईल. दूध बंद असेतो तिला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. योगायोगाने बाळंतपणानंतर सहा महिने रोज तेवढ्याच कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचं केंद्र सरकारचं धोरण आहे, तेव्हा त्या मिळतात आणि घेतल्या जातात एवढं पाहायचं. काही आठवड्यांच्या चाचणीसाठी हा त्याग रास्त आहे. पुराव्याशिवाय वर्षभरासाठी तो मागण्याचा हक्क कुणालाच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. बाळ आता कुठे शांत झोपू लागलं आणि तुम्ही म्हणता, पुन्हा तेच दूध द्या? आईचा हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. त्याला उत्तर एवढंच, की सौम्य, उशिराच्या रूपात परत येणारा त्रास छोटा असतो आणि दूध थांबवलं की जातो. चाचणी टाळल्याचा भुर्दंड मात्र लांबतो. ज्याला ॲलर्जी नव्हतीच असं मूल शाळेत जाईपर्यंत दुधाविना वाढतं, लग्नकार्यात वेगळं बसवलं जातं, आणि पुढे खाण्यावरूनच घरात धाक तयार होतो. ज्याला होती, त्याचीही ती बहुधा सुटते. ओडेन्सच्या ३९ मुलांपैकी ५६ टक्के वर्षाची होईतो, ७७ टक्के दोन वर्षांची होईतो आणि ८७ टक्के तीन वर्षांची होईतो दूध पचवू लागली. परत देऊन पाहिलं नाही, तर हे सुटणंही कुणाच्या ध्यानात येत नाही.

९. पहिले तीन दिवस आणि लशीचं कार्ड

होस्ट यांच्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली. ३९ पैकी नऊ बाळांचा त्रास केवळ अंगावर पीत असताना सुरू झाला होता. नोंदी चाळल्यावर कळलं, की या नऊही बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत प्रसूतिगृहात गाईच्या दुधाचा डबा पाजला गेला होता. २०१९ मध्ये जपानच्या टोकियोतून आलेल्या, ३१२ नवजात बाळांवरच्या प्रयोगानेही पहिल्या तीन दिवसांत असं दूध टाळण्याच्या बाजूने कौल दिला. महाराष्ट्रात सहा महिन्यांखालच्या ७१ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळतं, ही जमेची बाजू. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतली जाणारी बाळं मात्र निम्म्याहून थोडीच जास्त आहेत. 'दूध उतरलं नाही' म्हणून चमचाभर वरचं दूध याच पोकळीत शिरतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली, ती नवजात बाळांना वरच्या दुधापासून वाचवण्याच्याच तळमळीतून. जऊळक्यात पेढी लागत नाही. चीक फेकू न देणं आणि बाळाला पुन्हा पुन्हा अंगाशी लावणं इतकं पुरतं.

पाळत ठेवायला माणसंही आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभ्या केलेल्या घरोघरच्या नवजात काळजीचा नमुना पुढे देशभर गेला. त्यानुसार आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. मोठ्या बाळांसाठीच्या भेटी तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात. शीत रक्ताच्या रेषा दिसू लागण्याचा एक मोठा काळ नेमका या दोन टप्प्यांच्या मधे येतो. त्या काळात बाळ लशीसाठी तेवढं येतं, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. वरच्या दुधाची तारीख आणि शीचा रंग हे दोन प्रश्न लसीकरणाच्या दिवशी विचारायला वेगळा निधी लागत नाही, प्रशिक्षणाचं एक सत्र लागतं. आणि डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलंच, तर ते परत सुरू करण्याची तारीख त्याच दिवशी माता-बाल संरक्षण कार्डावर, पुढच्या लशीच्या तारखेशेजारी लिहून द्यावी. त्या तारखेला बाळ केंद्रात आलं नाही, तर चुकलेल्या लशीसाठी निरोप जातो तसाच याच्यासाठीही जावा.